सात जणांची गाडी घेताना आतली जागा कशी मोजावी

एर्टिगा घ्यावी की कॅरेन्स, ट्रायबरमध्ये भागेल की इनोव्हाच हवी, हा प्रश्न बहुतेक घरांत किंमत, मायलेज आणि इंजिन या क्रमाने सोडवला जातो. आतल्या जागेचा निर्णय मात्र शोरूममध्ये मधल्या सीटवर दोन मिनिटे बसून घेतला जातो. तीन रांगांच्या गाडीच्या बाबतीत ही पद्धत फसवी ठरते, कारण अशा गाडीतील जागा म्हणजे चालकाच्या पेडलपासून मागच्या दरवाजापर्यंतची एकच ठराविक लांबीची पट्टी असते आणि पुढची रांग, मधली रांग, शेवटची रांग व डिकी हे चौघेही त्याच पट्टीतून आपापला वाटा घेत असतात. माहितीपत्रक आणि विक्रेता या चौघांपैकी प्रत्येकाचा वाटा त्याच्या सर्वांत चांगल्या स्थितीत दाखवतात. मधली सीट दाखवताना ती पूर्ण मागे सरकवलेली असते, शेवटची रांग दाखवताना तीच सीट पुढे आणलेली असते आणि डिकी दाखवताना शेवटच्या रांगेची पाठ ताठ उभी केलेली असते. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असतात, फक्त त्या एका वेळी खऱ्या नसतात. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना सर्व सीट एकदा आपल्या माणसांप्रमाणे लावून घ्याव्यात आणि त्यांना पुन्हा हात न लावता सगळी मापे त्याच स्थितीत घ्यावीत. पुढील सर्व विवेचन या एका नियमाभोवती आहे.

पहिली पायरी: कोण कुठे बसणार ते लिहून काढणे

शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरी एका कागदावर तीन रांगा आखाव्यात आणि वर्षातील सर्वांत गर्दीच्या प्रवासात कोण कुठे बसेल ते लिहावे. गणपतीला कोकणात जाणारे मुंबईचे कुटुंब, दिवाळीत पुण्याहून लातूरला जाणारे कुटुंब किंवा लग्नसराईत आजूबाजूच्या गावांत फिरणारे कुटुंब यांची गरज सारखी नसते. प्रत्येकाच्या नावापुढे अंदाजे उंची लिहावी, गुडघ्याचा त्रास असल्यास तो लिहावा, लहान मुलासाठी वेगळी चाइल्ड सीट लागणार असल्यास तेही लिहावे आणि शेवटी बॅगांची संख्या व आकार लिहावा.

ही यादी केल्यावर बऱ्याच घरांच्या लक्षात येते, की सातही जागा भरून सामानासह लांबचा प्रवास वर्षातून फार थोड्या वेळा होतो आणि एरवी पाच माणसे व भरपूर सामान हीच खरी स्थिती असते. तसे असेल, तर शेवटच्या रांगेच्या आरामापेक्षा ती रांग किती सहज आणि किती पूर्णपणे बाजूला होते याला अधिक महत्त्व द्यावे. याउलट आजी-आजोबा कायम सोबत राहत असतील आणि रोजच सहा माणसे बसणार असतील, तर निवड पूर्णपणे वेगळी होईल.

दुसरी पायरी: कागदावरच्या मापांचा अर्थ लावणे

माहितीपत्रकात एकूण लांबी ठळक छापलेली असते आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर, तिच्याखाली कुठेतरी असते. आतल्या जागेचा अंदाज घेण्यासाठी दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. भारतात परिचित असलेल्या काही गाड्यांचे आकडे असे आहेत:

- रेनो ट्रायबर: लांबी ३,९९० मिमी, व्हीलबेस २,६३६ मिमी
- मारुती एर्टिगा (२०१८ मध्ये आलेली दुसरी पिढी): लांबी ४,३९५ मिमी, व्हीलबेस २,७४० मिमी
- किया कॅरेन्स (२०२२): लांबी ४,५४० मिमी, व्हीलबेस २,७८० मिमी
- टोयोटा इनोव्हा क्रिस्टा: लांबी ४,७३५ मिमी, व्हीलबेस २,७५० मिमी
- टोयोटा इनोव्हा हायक्रॉस: लांबी ४,७५५ मिमी, व्हीलबेस २,८५० मिमी
- किया कार्निव्हल (२०२४ मध्ये भारतात आलेली पिढी): लांबी ५,१५५ मिमी, व्हीलबेस ३,०९० मिमी

या यादीतील क्रिस्टा आणि एर्टिगा यांच्याकडे नीट पाहावे. क्रिस्टा एर्टिगापेक्षा तब्बल ३४० मिमी लांब आहे, पण दोघींच्या व्हीलबेसमध्ये अवघा १० मिमीचा फरक आहे. क्रिस्टाचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसवलेले आहे, ताकद मागच्या चाकांना जाते आणि सगळा सांगाडा लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या स्वतंत्र पोलादी चौकटीवर, उभा आहे. त्यामुळे बोनेट लांब होते, गाडीच्या तळाची उंची वाढते आणि वाढीव लांबीचा मोठा हिस्सा माणसांच्या वाट्याला येतच नाही. हायक्रॉस क्रिस्टापेक्षा फक्त २० मिमी लांब असूनही तिचा व्हीलबेस १०० मिमीने मोठा आहे, कारण तिचे इंजिन आडवे आहे, ताकद पुढच्या चाकांना जाते आणि स्वतंत्र फ्रेम नाही. बाहेरून जवळजवळ सारख्या लांबीच्या या दोन गाड्यांच्या आत बसल्यावर तळाची उंची आणि शेवटच्या रांगेतील पायांची जागा यांत जो फरक जाणवतो, त्याचे मूळ या रचनेत आहे.

व्हीलबेसला लांबीने भागले, की पट्टीचा किती हिस्सा दोन चाकांमध्ये आहे ते कळते. ट्रायबरमध्ये हा हिस्सा सुमारे ६६ टक्के, एर्टिगामध्ये ६२, कॅरेन्समध्ये ६१, हायक्रॉस व कार्निव्हलमध्ये ६० आणि क्रिस्टामध्ये ५८ टक्के येतो. ट्रायबरचा आकडा इतका मोठा असण्यामागे करव्यवस्था आहे. चार मीटरपेक्षा अधिक लांब नसलेल्या आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवर कमी कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, तर पेट्रोल-डिझेलवरील मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. चार मीटरच्या आत तीन रांगा बसवायच्या असल्याने चाके शक्य तितकी कोपऱ्यांत सारली गेली आणि चाकांमागची लांबी कापली गेली. ती कपात कोणाच्या वाट्यातून झाली, ते पुढे डिकीच्या मापात दिसेल.

रुंदीचा आकडा मात्र जपून वापरावा. पत्रकातील रुंदी ही बहुधा आरसे वगळून, गाडीच्या बाहेरच्या पत्र्याची असते आणि दरवाजांची जाडी, खिडक्यांखालचे फुगीर पॅनेल व मागच्या चाकांवरील कमानी तिच्यातून वजा व्हायच्या असतात. मागच्या कमानी शेवटच्या रांगेच्या अगदी बाजूला येतात, त्यामुळे मधल्या रांगेत तीन माणसांना पुरणारी रुंदी शेवटच्या रांगेत तिघांना पुरेलच असे नाही. उंचीच्या आकड्यात छतावरच्या पट्ट्या धरल्या आहेत की नाहीत, तेही पाहावे. नाहीतर दोन गाड्यांमधला फरक नुसत्या शोभेच्या पट्ट्यांमुळे पडलेला असायचा.

तिसरी पायरी: ‘सात सीट’ म्हणजे कोणते सात

पत्रकातील सात हा आकडा दोन अगदी वेगळ्या मांडण्यांसाठी वापरला जातो. ट्रायबर, एर्टिगा आणि सात आसनी कॅरेन्स यांत दोन, तीन, दोन अशी मांडणी असते. सात आसनी इनोव्हात मात्र मधल्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट आणि शेवटी तिघांचा बाक, म्हणजे दोन, दोन, तीन अशी मांडणी असते. इनोव्हा आठ आसनीही मिळते आणि तिच्यात मध्ये तीन व शेवटी तीन अशी सोय असते. कार्निव्हलची भारतातील सात आसनी मांडणीही दोन, दोन, तीन अशीच आहे.

याचा परिणाम फार व्यावहारिक आहे. घरात पाच मोठी माणसे आणि दोन मुले असतील, तर पहिल्या मांडणीत पाचही मोठी माणसे पुढच्या दोन रांगांत बसतात आणि मुले मागे जातात. दुसऱ्या मांडणीत पुढच्या दोन रांगांत चारच माणसे मावत असल्याने पाचव्या मोठ्या माणसाला दोन मुलांसह शेवटच्या बाकावर बसावे लागते. कॅप्टन सीटचा आराम आणि त्यांच्यामधून मागे जाण्याची वाट या गोष्टी शोरूममध्ये मोहात पाडतात, पण प्रत्येक वेळी कोणीतरी एक मोठा माणूस मागे ढकलला जाणार असेल, तर त्या आरामाची किंमत तोच मोजतो. माझ्या मते, रोज चार-पाच माणसे आणि अधूनमधून सात, अशा घराने साधा बाक निवडावा. रोजच सहा माणसे बसत असतील, तर दोन, दोन, दोन मांडणीची सहा आसनी गाडी सर्वांत सोयीची ठरते.

मधल्या रांगेत चाइल्ड सीट कायम बसवलेली राहणार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. शेवटच्या रांगेत जाण्यासाठी मधली जी सीट दुमडावी लागते, तिच्यावरच चाइल्ड सीट बांधलेली असेल तर त्या बाजूची वाट बंद होते. बाक असलेल्या गाडीत चाइल्ड सीट विरुद्ध बाजूला बसवावी लागते. कॅप्टन सीट असलेल्या गाडीत मधली वाट मोकळी राहते, आणि लहान मुलांच्या घरांसाठी कॅप्टन सीटच्या बाजूचा हाच मला पटणारा युक्तिवाद आहे.

चौथी पायरी: टेप घेऊन शोरूममध्ये

एक पोलादी मोजणी टेप, वही, घरातील सर्वांत उंच माणूस, गुडघेदुखी असलेली ज्येष्ठ व्यक्ती आणि शक्य असल्यास मुले असा सगळा ताफा सोबत न्यावा. संकोच करू नये. दहा-पंधरा लाखांची वस्तू घेणाऱ्याने टेप लावली म्हणून कोणी हसत नाही, आणि हसले तरी बिघडत नाही. गाडी सपाट जागेवर उभी असावी आणि सीटच्या पाठीवरील प्लॅस्टिक व तळावरचा कागद काढलेला असावा.

सुरुवात चालकापासून करावी. जो माणूस गाडी चालवणार आहे त्याने क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबून सीट आपल्याला हवी तशी लावावी आणि मग ती कोणीही हलवू नये. त्यानंतर त्याच्या मागे यादीप्रमाणे बसणाऱ्या व्यक्तीने मधली सीट पुढे-मागे सरकवून तडजोडीची जागा शोधावी. ही जागा शोधताना तिच्या मागे शेवटच्या रांगेतील माणूस प्रत्यक्ष बसलेला असावा, कारण मधली सीट जितके सेंटिमीटर मागे जाईल तितकेच सेंटिमीटर मागच्याच्या गुडघ्यांसमोरून जातात. दोघांनाही सोसेल अशी जागा सापडली, की ती सीट तिथेच ठेवावी आणि मोजणी सुरू करावी.

प्रत्येक रांगेत पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याचे टोक आणि समोरच्या सीटची पाठ यांमधील अंतर मोजावे. पत्रकांत कधी दिसणारा लेगरूमचा आकडा आणि हे अंतर एकच नव्हे. एसएई या अमेरिकेतील संस्थेच्या प्रमाण रीतीत लेगरूम म्हणजे घोट्यापासून नितंबाच्या सांध्यापर्यंतचे अंतर अधिक २५४ मिमी. म्हणजे हे माप पाय किती लांब पसरता येतो ते सांगते, गुडघ्यापुढे किती जागा उरते ते थेट सांगत नाही. शिवाय पाय पसरण्याची जागा समोरच्या सीटखाली असेल तरच हा आकडा उपयोगी पडतो, आणि सीटखाली एसीचा डक्ट, रूळ किंवा हायब्रिड गाडीत बॅटरीचा भाग येत असेल तर पाऊल तिथे जातच नाही. म्हणून गुडघ्याचे अंतर मोजल्यावर पावलाचा पंजा समोरच्या सीटखाली सरकतो का, तेही पाहावे आणि वहीत ‘सरकतो’ किंवा ‘अडतो’ असे लिहावे.

डोक्यावरच्या जागेचे प्रमाण मापही असेच चकवा देणारे आहे. ते नितंबाच्या सांध्यापासून किंचित मागे कललेल्या रेषेत छतापर्यंत घेतले जाते आणि त्यात १०२ मिमी मिळवले जातात. सीटची गादी जमिनीलगत ठेवली, की हा आकडा आपोआप वाढतो, पण मांड्यांचा आधार जातो आणि गुडघे वर येतात. त्यामुळे डोके आणि छत यांमध्ये किती बोटे मावतात ते पाहताना गादीची उंचीही मोजणे आवश्यक आहे.

शेवटची रांग: इथे घाई करू नये

सात आसनी गाड्यांमधील खरा फरक शेवटच्या रांगेतच उघड होतो, म्हणून मोजणीचा अर्धा वेळ तिला द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे पाऊल टेकते त्या जमिनीपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची. घरातील साधी खुर्ची सुमारे ४५ सेमी उंच असते. शेवटच्या रांगेत ही उंची बरीच कमी असते, कारण त्या जागी खाली मागचा आस, सस्पेन्शन किंवा स्टेपनी असल्याने तळ वर उचललेला असतो आणि वर छत खाली उतरू लागलेले असते. उंची जितकी कमी, तितके गुडघे छातीकडे येतात आणि सगळे वजन कमरेवर पडते. गुडघ्यापुढे दहा सेंटिमीटर मोकळी जागा असूनही माणूस अवघडून जातो, त्याचे कारण बहुधा हेच असते. मोठ्या माणसाला तासाभराहून अधिक बसवायचे असेल, तर ही उंची ३० सेमीच्या खाली नसावी असे माझे मत आहे. मुलांसाठी मात्र थोडी कमी उंची गैरसोयीची नसते.

त्यानंतर रुंदी घ्यावी. खांद्याच्या उंचीवर एका बाजूच्या पॅनेलपासून दुसऱ्या बाजूच्या पॅनेलपर्यंत एक माप आणि नितंबाच्या उंचीवर, चाकांच्या कमानींमधील, दुसरे माप. तिघांसाठी सांगितलेल्या बाकाची दुसरी रुंदी तीनने भागून पाहावी, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला किती येते ते कळेल. विमानातील इकॉनॉमी वर्गाची सीट सुमारे ४३ ते ४६ सेमी रुंद असते आणि तीही अनेकांना अपुरी वाटते, हे लक्षात ठेवावे.

पाठ किती कलते, हे पाहताना डिकीकडेही लक्ष असावे. ६० सेमी उंचीची पाठ उभ्या रेषेपासून १५ अंशांवरून २५ अंशांवर नेली, तर तिचे वरचे टोक सुमारे १० सेमी मागे जाते. म्हणजे मागच्याला आरामात रेलता यावे म्हणून दिलेले दहा अंश डिकीच्या वरच्या भागातून १० सेमी घेऊन जातात. पाठ कललेली असताना डोक्याची उशी आणि मागची काच यांत किती अंतर उरते, तेही मोजून ठेवावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रत्येक जागेला स्वतंत्र उशी व खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे का आणि खिडक्यांलगत पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हे विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर न सोडता पत्रकात वाचावे.

आता आत शिरण्याचा प्रश्न. ज्येष्ठ व्यक्तीला प्रत्यक्ष चढून उतरायला सांगावे, आणि घरात साडी नेसणाऱ्या बायका असतील तर त्यांनीही साडीतच हा प्रयोग करून पाहावा. जमिनीपासून दरवाजातील उंबऱ्यापर्यंतची उंची, दुमडलेली मधली सीट आणि दरवाजाची चौकट यांमधील सर्वांत अरुंद अंतर, आणि सीट दुमडायला एक हात पुरतो की दोन माणसे लागतात, या तीन गोष्टी लिहाव्यात. कॅरेन्समध्ये मधली सीट बटण दाबून दुमडते, इतर काही गाड्यांत खटका ओढून ती पुढे लोटावी लागते. मागे बसलेल्या माणसाला कोणाच्याही मदतीशिवाय आतून ती सीट दुमडून बाहेर येता येते का, ही चाचणी जवळजवळ कोणी करत नाही. ती जरूर करावी.

सरकत्या दरवाजांची गोष्ट वेगळी. मारुती ओम्नी १९८४ ते २०१९ पर्यंत आपल्याकडे विकली गेली आणि अरुंद गल्लीत सरकता दरवाजा किती उपयोगी पडतो ते तिने सगळ्यांना दाखवले, पण मारुती ईकोसारखी साधी व्हॅन सोडली, तर आजच्या कौटुंबिक गाड्यांपैकी ही सोय प्रामुख्याने कार्निव्हल आणि टोयोटा वेलफायरसारख्या महागड्या गाड्यांतच उरली आहे.

डिकी: लिटर नव्हे, बॅगा

डिकीचे आकारमान मोजण्याच्या जर्मनीत रूढ झालेल्या व्हीडीए रीतीत २०० गुणिले १०० गुणिले ५० मिमी आकाराचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचले जातात आणि जितके ठोकळे मावतील तितके लिटर धरले जातात. असे छोटे ठोकळे कमानीच्या बाजूच्या खाचांतही बसतात, आपली ट्रॉली बॅग मात्र तिथे बसत नाही. शिवाय रचना सीटच्या पाठीपर्यंत केली की छतापर्यंत, यावर आकडा खूप बदलतो आणि आपल्याकडच्या पत्रकांत ही रीत सहसा सांगितलेली नसते.

तरीही काही आकडे बोलके आहेत. तिन्ही रांगा उभ्या असताना ट्रायबरची डिकी ८४ लिटरची, एर्टिगाची २०९, कॅरेन्सची २१६ आणि हायक्रॉसची ३०० लिटरची आहे. चार मीटरच्या आत तीन रांगा बसवण्याची किंमत कुठे मोजली गेली, ते ८४ या आकड्यात दिसते. ७५ गुणिले ५० गुणिले ३० सेमीची एक मोठी ट्रॉली बॅग बाहेरून सुमारे ११२ लिटर जागा घेते. म्हणजे सात माणसे बसलेल्या ट्रायबरमध्ये आकारमानाच्या हिशेबाने अशी एकही बॅग मावत नाही, मऊ पिशव्याच खपवाव्या लागतात.

पण शेवटची रांग बाजूला केली की चित्र उलटते. पाच आसनी स्थितीत ट्रायबर ६२५ लिटर सांगते, तर तिच्याहून ४०५ मिमी लांब असलेली एर्टिगा शेवटची रांग दुमडल्यावर ५५० लिटर सांगते. याचे एक मोठे कारण असे, की ट्रायबरची शेवटची रांग गाडीतून पूर्णपणे काढून ठेवता येते, तर एर्टिगात ती दुमडून तळावरच पडून राहते आणि तिच्या जाडीइतकी उंची जाते. क्रिस्टात शेवटच्या रांगेचे दोन भाग बाजूंना वर उचलून खिडक्यांलगत अडकवावे लागतात, त्यामुळे उंची मिळते पण रुंदी जाते आणि बाजूच्या काचा झाकल्या जातात. कार्निव्हलमध्ये शेवटच्या रांगेमागे खोल खड्डा असतो आणि सीट त्यात गडप होते. सीट उभी असताना तोच खड्डा सामानाला मिळतो. काढून ठेवण्याजोग्या सीटबद्दल मात्र एक प्रश्न घरीच विचारून घ्यावा: दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती ठेवणार कुठे, आणि परतीच्या वाटेवर कोणाला सोबत घ्यायची वेळ आली तर काय करणार?

मोजणीची रीत अशी. सीट ठरवलेल्या स्थितीत असताना डिकीची खोली दोन ठिकाणी घ्यावी, एक तळाशी आणि दुसरी सीटच्या पाठीच्या वरच्या टोकाशी, आणि मागचा दरवाजा बंद झाल्यावर तो आत किती येतो हे धरून लहान आकडा खरा मानावा. कमानींमधील रुंदी आणि डिकीच्या तोंडाची उंची घ्यावी. मग घरच्या बॅगा प्रत्यक्ष रचून दरवाजा बंद करून पाहावा, कारण तळाशी सहज बसलेली बॅग वरच्या कोपऱ्यात काचेला टेकणे ही नेहमीची गोष्ट आहे. सीएनजी घ्यायचे असेल तर पेट्रोल गाडीची डिकी पाहून निर्णय घेऊ नये. एर्टिगाच्या सीएनजी आवृत्तीत टाकी शेवटच्या रांगेमागेच बसते आणि सात माणसे असताना सामानाची जागा बहुतांशी संपते.

अमेरिकेतील नातेवाइकांशी बोलताना त्यांच्या गाड्यांचे आकडे अवाढव्य वाटतात. तिथल्या टोयोटा सिएनाची तिसऱ्या रांगेमागची जागा ३३.५ घनफूट सांगितली जाते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर, त्यामुळे हा आकडा साडेनऊशे लिटरच्या आसपास जातो. यातील काही फरक खरा आहे, कारण ती गाडी पाच मीटरहून लांब असून तिच्यातही सीट बुडणारा खड्डा आहे, आणि काही फरक छतापर्यंत मोजण्याच्या तिथल्या रीतीमुळे पडतो. हे आकडे आपल्याकडच्या पत्रकांशेजारी ठेवून गुणोत्तरे काढू नयेत.

वजन आणि हवा

जागा मावली म्हणजे भार झेपला असे नाही. एकूण अनुज्ञेय वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, की माणसे व सामान मिळून किती किलो नेता येतील ते कळते. सरासरी ६५ किलोची सात माणसे आणि प्रत्येकी १२ किलोची बॅग धरली, तर ५३९ किलो होतात. हे गणित आपल्या निवडलेल्या इंधनाच्या आवृत्तीसाठी वेगळे करावे, कारण सीएनजीची टाकी व तिचा सांगाडा या मर्यादेतूनच वजा होतात. पूर्ण भारासाठी टायरमधील हवेचा दाब वेगळा असतो आणि तो चालकाच्या दरवाजाच्या चौकटीजवळच्या चिकटपट्टीवर सहसा दिलेला असतो. टेस्ट ड्राइव्हला दोघांनी जाऊन उपयोग नाही. सातही जण बसवून दुपारच्या उन्हात निघावे, शेवटच्या रांगेतील झोत चेहऱ्यापर्यंत येतो का ते पाहावे आणि एखादा चढ व दोन-चार गतिरोधक ओलांडताना गाडीचा मागचा भाग किती दबतो तेही बघावे.

घरची जागा

शेवटी टेप आपल्या पार्किंगमध्ये लावावी. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गाडीसाठी २.५ गुणिले ५.५ मीटर जागा ठरवली होती, पण त्यांपैकी निम्म्यापर्यंत जागा २.३ गुणिले ४.५ मीटरच्या ठेवण्याची मुभा होती. आपल्या वाट्याला अशी लहान जागा आली असेल, तर एर्टिगा तिच्यात कशीबशी मावते, कॅरेन्स चार सेंटिमीटरने आणि दोन्ही इनोव्हा वीसहून अधिक सेंटिमीटरने बाहेर राहतात. कार्निव्हलची रुंदी आरसे वगळून १,९९५ मिमी आहे. २.३ मीटर रुंदीत तिच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ३० सेमी उरतात, आणि मागचे दरवाजे सरकते असले तरी चालकाचा दरवाजा नेहमीसारखाच बाहेर उघडतो. डिकीचा दरवाजा उघडताना मागची भिंत आड येते का, यांत्रिक पार्किंग असल्यास फळीवर लिहिलेली लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा किती आहे, आणि गावाकडच्या घराच्या फाटकातून आरशांसह गाडी वळून आत येते का, हेही मोजून घ्यावे.

दोन गाड्या शेवटपर्यंत तुल्यबळ राहिल्या, तर पैसे भरण्याआधी एका शनिवारी त्यांतील एक भाड्याने घ्यावी. एर्टिगा आणि क्रिस्टा टूरिस्ट म्हणून सर्वत्र मिळतात. भाड्याच्या गाडीच्या सीट आणि सोयी आपण घेणार त्या आवृत्तीपेक्षा साध्या असू शकतात, तेवढा फरक मनात धरून, यादीतल्याच माणसांना यादीतल्याच जागी बसवून निदान तीन तासांचा प्रवास करावा आणि परतताना शेवटच्या रांगेतील माणसांना त्यांचे मत सर्वांत आधी विचारावे.